तेरा दिवसांनंतरचे तुकोबा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानादुकानांतून वह्यांची पूजा होते. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढतात, हळदकुंकू वाहतात आणि वर्षाचे येणे-देणे देवापुढे ठेवून दुकानदार हात जोडतो. हा सोहळा पाहताना मला दर वर्षी देहूच्या एका दुकानदाराची आठवण होते. त्याच्या वह्यांची पूजा झाली ती अगदी वेगळ्या रीतीने. दोन वेळा त्याने आपले कागद इंद्रायणीत सोडले. पहिल्या वेळी ती कर्जखते होती. दुष्काळानंतर भावाच्या वाटणीचे कागद त्याच्या स्वाधीन करून आपल्या वाटणीचे त्याने डोहात टाकले, असे परंपरा सांगते. दुसऱ्या वेळी त्या अभंगांच्या वह्या होत्या. पहिले कागद त्याने आपखुशीने बुडवले आणि ते परत यावेत असे त्याला कधी वाटले नाही. दुसरे बुडवणे त्याच्यावर लादले गेले होते, आणि ते परत मिळावेत म्हणून तो नदीकाठी अन्नपाणी सोडून बसला.

हा दुकानदार म्हणजे तुकोबा, हे वाचकांनी केव्हाच ओळखले असेल. सणाच्या दिवशी दुष्काळाची आणि छळाची गोष्ट काढल्याबद्दल घरातली वडीलधारी मंडळी कदाचित नाराज होतील. पण खुद्द तुकोबांनीच एका अभंगात आपले दिवाळे निघाले ते बरे झाले, असे म्हणून ठेवले आहे. दिवाळे निघालेल्या माणसाने मराठी माणसाला जेवढे धन दिले तेवढे क्वचितच कुणी दिले असेल. तेव्हा चार दिव्यांच्या उजेडात हा विषय काढायला हरकत नसावी.

वह्या तरल्याची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. महिपतींनी अठराव्या शतकात ती ओवीबद्ध केली. 1936 साली ‘प्रभात’ने काढलेल्या ‘संत तुकाराम’ या बोलपटातून ती घरोघरी पोहोचली. विष्णुपंत पागनिसांचा चेहरा मनातून बाजूला सारून तुकोबांची कल्पना करणे ज्यांना आजही जड जाते, अशी मंडळी पुष्कळ आहेत. त्याहूनही जुनी साक्ष आरतीची. ज्या वाघोलीच्या रामेश्वर भटांनी तुकोबांना विरोध केला असे सांगतात, त्यांचीच तुकोबांवरची आरती आपण म्हणतो. रामाने समुद्रावर दगड तारले तसे हे अभंग पाण्यात रक्षिले गेले, अशी ग्वाही तीत आहे. विरोधकानेच पुढे आरती रचावी, याहून मोठा विजय तो कोणता?

या कथेवरून आपल्याकडे दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, वह्या तरल्या, म्हणून तुकोबांचा देवावरचा भरवसा खरा ठरला. दुसरा म्हणतो, कागद काही पाण्यात कोरडे राहत नाहीत, लोकांच्या तोंडी असलेले अभंग पुन्हा लिहून काढले असतील, तेव्हा चमत्काराच्या पायावर उभारलेल्या भरवशाला फारसा अर्थ नाही. हे दोन पक्ष एकमेकांशी कितीही भांडोत, एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. तुकोबांच्या श्रद्धेचा सगळा भार त्या वह्यांवर आहे, असे दोघेही धरून चालतात. माझा प्रश्न इतकाच की, तुकोबांनी स्वतः तो भार वह्यांवर टाकला होता काय?

याचे उत्तर कथेत शोधून भागणार नाही, ते गाथेत शोधले पाहिजे. पण गाथा ही काही रोजनिशी नव्हे. संताजी जगनाडे यांच्यासारख्या टाळकऱ्यांनी लिहून ठेवलेल्या वह्यांतून आणि वारकऱ्यांच्या पाठांतून ती जमत गेली. तिच्यातला क्रम हा आयुष्याचा क्रम नाही. अमुक अभंग अमुक दिवशीचा, असे छातीठोकपणे सांगता येईल अशा जागा थोड्याच आहेत. तरीही दोन ठिकाणे अशी आहेत की तिथे तुकोबा आपल्यावर काय गुदरले ते स्वतःच्या तोंडाने सांगतात. एक म्हणजे संतांनी विचारले म्हणून सांगितलेले आत्मचरित्रपर अभंग आणि दुसरे म्हणजे त्या तेरा दिवसांविषयीचे अभंग. आपल्या प्रश्नापुरता एवढा पुरावा पुष्कळ झाला.

आत्मचरित्राचा अभंग वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती त्यातली कोरडी सांगण्याची तऱ्हा. आईबाप गेले. 1630 ते 1632च्या त्या भयंकर दुष्काळात पैसा आटला, त्याबरोबर मानही गेला. दोन बायकांपैकी एक अन्नासाठी टाहो फोडीत मेली. धंद्यात खोट आली, लाज वाटू लागली. एखाद्या दुकानदाराने वर्षअखेरीची बाकी काढावी तसा हा हिशोब आहे. त्यात देवाला दोष नाही आणि देवाचे आभारही नाहीत. दुःखाला चढवलेली विशेषणे जवळपास नाहीत. ज्याने खरोखर सोसलेले असते तो असाच बोलतो. सोसण्याचे वर्णन करण्याची हौस बहुधा बघणाऱ्याला असते.

आणि यानंतर काय घडले? आपल्याला वाटते, आता साक्षात्कार होईल, आकाशवाणी होईल. तसे काहीच होत नाही. देवाचे एक देऊळ मोडकळीला आले होते, ते नीट करावे असे मनात आले, एवढेच तुकोबा सांगतात. मग ते एकादशीला कीर्तन करू लागले. सुरुवातीला मन त्या अभ्यासात नव्हते, हेही ते लपवीत नाहीत. विश्वास होता म्हणून संतांची काही वचने पाठ केली, पुढे गाणारे गात त्यांच्यामागे धृपद धरले, जमेल तसा परोपकार केला. मला हा भाग साऱ्या गाथेतला अत्यंत मोलाचा वाटतो. दुःखात श्रद्धा ठेवावी, असे आपण एकमेकांना सांगत असतो, पण ती ठेवावी कशी हे कुणी सांगत नाही. ती काही कपाटातून काढून ठेवता येण्यासारखी वस्तू नव्हे. तुकोबांनी आधी दगडमातीच्या कामाला हात घातला, आधी दुसऱ्याचे शब्द घोकले, आणि मन मागाहून आले. मन आल्यावर हात जोडू, असे म्हणत ते बसले असते तर ते जन्मभर बसूनच राहिले असते.

आता त्या दिवाळ्याच्या अभंगाकडे वळू. त्यात ‘बरे’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. दुष्काळ पडला तेही बरे, अपमान झाला तेही बरे, गुरेढोरे गेली, बायको कजाग मिळाली, तेही बरेच. हा अभंग प्रवचनातून फार वापरला जातो आणि बहुधा चुकीचा वापरला जातो. कुणाच्या घरी मूल गेले, कुणाची नोकरी सुटली, की शेजारचे शहाणे येऊन ‘होते ते बऱ्यासाठीच’ असे सांगतात आणि आधाराला तुकोबांना उभे करतात. पण हा अभंग नीट वाचला तर दोन गोष्टी दिसतात. एक तर हे बोलणे दुष्काळ चालू असतानाचे नाही, मागे वळून पाहतानाचे आहे. यामुळे देवाचे चिंतन मनात राहिले, असे कारण त्यात दिलेले आहे आणि असे कारण पाठीमागूनच कळते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तुकोबा ‘बरे झाले’ म्हणतात ते फक्त स्वतःच्या दुःखाबद्दल. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल हे शब्द काढण्याचा अधिकार त्यांनी घेतलेला नाही आणि आपल्यालाही दिलेला नाही.

हे त्यांना किती नेमके कळत होते, ते पाहायचे तर ज्या अभंगांतून त्यांची बायको बोलते ते वाचावेत. परंपरेने जिजाईला कर्कशा ठरवले, आणि खुद्द तुकोबांच्या अभंगातही तो शब्द आहे. पण तिची तक्रार तिच्याच भाषेत लिहून ठेवणाराही तुकोबाच आहे. घरात धान्याचे पोते आले तर हा पोरांना दाणे खाऊ देत नाही, परक्यांच्या पदरात घालतो, असे ती करवादते. यातला एक शब्दही खोटा नाही. एका माणसाच्या भरवशाची किंमत घरातल्या दुसऱ्या माणसाला भुकेने मोजावी लागते, ही गोष्ट संतचरित्रे लिहिणारे हळूच झाकून टाकतात. तुकोबांनी ती झाकली नाही. तिच्या बोलण्याला त्यांनी अभंगात जागा दिली, आणि म्हणून आज चारशे वर्षांनी आपल्याला दोन्ही बाजू ऐकू येतात. ज्या श्रद्धेला आपल्याविरुद्धची फिर्यादही नोंदवून ठेवता येते, ती श्रद्धा आंधळी म्हणता येणार नाही.

दुष्काळाचे दुःख कुणी मुद्दाम दिलेले नव्हते. विरोधाचे दुःख निराळे असते, कारण त्याला चेहरा असतो, आणि बहुधा तो आपल्याच गावातला असतो. शूद्राने वेदांताचा अर्थ प्राकृतात सांगावा, लोकांनी तो ऐकायला गर्दी करावी, हे ज्यांना खपले नाही त्यांनी वह्या बुडवायला लावल्या. त्या प्रसंगाच्या आसपासचा म्हणून समजला जाणारा एक अभंग आहे. पाटील रागावला आहे, गाव उलटले आहे, आता खावे काय, जावे कुठे, भीक कोण घालील, दिवाणात आपला न्याय काय होईल, अशी धास्ती त्यात आहे. आपण ज्यांना निर्भय म्हणतो त्या माणसाची ही भाषा आहे. तिच्यात वेदांत नाही, पोटाची चिंता आहे. भीती वाटली म्हणजे श्रद्धा गेली, असे मानणाऱ्यांनी हा अभंग जरूर वाचावा. तो संपतो तो मात्र विठ्ठलाला शोधायला निघण्याच्या निश्चयावर. भीती तशीच आहे, आणि पाऊल उचलले आहे.

मग ते तेरा दिवस. आत्मचरित्रात या बसण्याला तुकोबांनी ‘धरणे’ हा शब्द वापरला आहे, आणि त्या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. आज धरणे म्हटले की आपल्यासमोर मोर्चा आणि मागण्यांचे फलक येतात. त्या काळी धरणे धरून बसायचा तो सावकार. कूळ पैसे देत नसले की धनको त्याच्या दारात उपाशी बसे. त्याच्या उपासाचे पाप आपल्या माथी येईल या भयाने ऋणको पैसे आणून टाकी. म्हणजे पाहा, ज्या माणसाने आपल्या कुळांची खते नदीत सोडून दिली, ज्याने उभ्या आयुष्यात पुढे कुणाकडे तगादा लावला नाही, तो त्याच नदीच्या काठी देवाच्या दारात सावकार होऊन बसला. माझे येणे टाक, नाहीतर मी इथे प्राण देतो आणि हत्या तुझ्या माथी, असाच त्या बसण्याचा अर्थ होता.

हे बसणे मला क्षुद्र वाटत नाही. गाथेत याहूनही कडक बोल आहेत. एका अभंगात तर तुकोबा आपल्यापुरता देव मेला असे म्हणून मोकळे होतात. यापुढे त्याचे नाव घेणार नाही, असे ते म्हणतात, आणि तेही अभंग रचून म्हणतात! हा संताप परक्यावर करता येत नाही. ज्याच्यावर हक्क आहे त्याच्याशीच माणूस असा भांडतो. तेव्हा तेरा दिवसांच्या धरण्याला अश्रद्धा म्हणण्याचे कारण नाही. पण तुकोबांची श्रद्धा इथे संपत नाही, आणि कथा सांगणारे नेमके इथेच थांबतात.

कथेत वह्या वर येतात, जयजयकार होतो, विरोधक शरमतात. अभंगात काय होते? वह्या मिळाल्यानंतरच्या अभंगांत आनंदाचा घोष असेल अशा अपेक्षेने आपण गाथा उघडतो आणि चमकून थांबतो. तुकोबा तिथे क्षमा मागत आहेत. माझ्या हातून मोठा अन्याय झाला, असे ते देवाला म्हणतात. लोकांच्या बोलण्याने मन खवळू दिले, डोळे मिटून तेरा दिवस बसलो, तुझा अंत पाहिला, तहानभुकेचे संकट तुझ्यावर घातले, तुला शिणवले. कागद राखले गेले याची नोंद आहे, देवाने आपले ब्रीद खरे केले याचीही आहे. पण अभंगाचा स्वर विजयाचा नाही, ओशाळलेपणाचा आहे. पुढच्या एका अभंगात तर, एकदा चूक झाली, तुला पाण्यात उभे करून वह्या सांभाळायला लावल्या, असे म्हणून ते स्वतःला दूषण देतात. आणि निश्चय सांगतात तो असा : आता कुणी मान कापली, दुर्जनांनी खुशाल छळले, तरी तुला शीण होईल असे काही मी पुन्हा करणार नाही.

वह्या कशा तरल्या, हा प्रश्न इथे आपोआप मागे पडतो. श्रद्धावान पक्षाला जो क्षण देवाच्या अस्तित्वाचा पुरावा वाटतो, तोच तुकोबांना आपल्या श्रद्धेतला कमीपणा वाटतो. पुरावा मागावा लागला, याची त्यांना लाज वाटते. चिकित्सक पक्षाने वह्या तरल्या नाहीत असे उद्या सिद्ध केले, तरी या ओशाळलेपणाला धक्का लागत नाही. कारण तुकोबांचा भरवसा उभा राहतो तो वह्यांवर नव्हे, पुन्हा असे न मागण्याच्या त्या निश्चयावर. सावकार दारातून उठला आहे. आपले येणे वसूल झाले म्हणून तो उठला असेल, पण उठताना त्याने देवाच्या नावाचे खतही पाण्यात सोडून दिले आहे. माझ्या मते इंद्रायणीत बुडालेले तिसरे कागद ते हे, आणि त्यांची कथा कुणी सांगत नाही.

याला आत्मचरित्रातूनही दुजोरा मिळतो. तिथे हा सारा प्रसंग तुकोबांनी दोन-चार शब्दांत उरकला आहे. निषेधाचा आघात झाला, त्याने मन दुखावले, वह्या बुडवल्या, धरणे धरले आणि नारायणाने ‘समाधान’ केले. वह्या वर आल्या, असे शब्द तिथे नाहीत. जो चमत्कार साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला, त्याच्या जागी ज्याच्यावर तो घडला त्याने एक साधा, घरगुती शब्द ठेवला. रुसलेल्या मुलाचे आई जे करते ते समाधान. शिवाय मन दुखावले हे सांगायला त्यांना संकोच वाटलेला नाही. संताचे मन दुखावत नाही, अशी आपली समजूत असते. तुकोबांची ती समजूत नव्हती.

त्यानंतर विरोध थांबला काय? परंपरा सांगते की मंबाजीने काट्यांच्या फांदीने तुकोबांना झोडपले. या छळावरचा अभंग गाथेत आहे, आणि तोही विठोबालाच उद्देशून आहे. काट्यांनी मारवलेस, शिव्यांना तर गणतीच नाही, माझी क्षमा किती आहे ते पाहिलेस, चांगले केलेस, असे ते म्हणतात. पण त्या अभंगातला खरा मुद्दा पुढे येतो. आपण रागाच्या तावडीत सापडलो होतो, त्यातून देवाने सोडवले, असे ते सांगतात. काट्यांपासून सोडवले असे ते म्हणत नाहीत. नदीकाठी त्यांनी वस्तू परत मागितली होती. इथे मार खाऊनही ते फक्त मनातल्या रागातून सुटका झाल्याचे नोंदवतात. अभंगांचा क्रम आपल्याला ठाऊक नसला तरी या दोन मागण्यांमधले अंतर ध्यानात घेण्यासारखे आहे.

रामेश्वर भटांच्या अंगाचा दाह झाला तेव्हा तुकोबांनी त्यांना अभंग पाठवला, अशी कथा महिपतींनी सांगितली आहे. तो अभंग पुष्कळांना पाठ असतो. मन शुद्ध असेल तर वैरीही मित्र होतात, वाघ आणि साप खात नाहीत, विषाचे अमृत होते, असा त्याचा आशय. शत्रूला पाठवलेल्या पत्रात तुकोबांनी शत्रू सुधारावा अशी अट घातलेली नाही. जी अट आहे ती मनाची, आणि तीही वाचणाऱ्याच्या. ज्या माणसाने आपला राग ओळखून त्याचे नाव घेतलेले आहे, त्यालाच हे लिहिण्याचा अधिकार पोहोचतो. एरवी हे शब्द नुसता उपदेश झाले असते.

तेव्हा दुःखात आणि विरोधात देवाचा भरवसा म्हणजे काय, याचे तुकोबांनी दिलेले उत्तर आपल्या नेहमीच्या समजुतीपेक्षा वेगळे आहे. त्या भरवशात भीती आहे, भांडण आहे, बायकोची फिर्याद आहे, रागाची कबुली आहे. नाही तो फक्त व्यवहार. मी इतके सोसले, आता तू इतके दे, हा हिशोब त्यांनी एकदा करून पाहिला आणि मिटवून टाकला. आपल्यापैकी बहुतेकांचा देवाशी असतो तो नेमका असाच व्यवहार. नवस म्हणजे एक प्रकारचे खतच असते. परीक्षा पास होऊ दे, दुखणे बरे होऊ दे, मग मी अमुक करीन. संकटात माणूस असे बोलणारच, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. तुकोबाही तेरा दिवस तेच बोलले. फरक चौदाव्या दिवशीचा आहे.

ते आत्मचरित्र तुकोबा मध्येच आवरते घेतात. सविस्तर सांगत बसलो तर उशीर होईल, आता पुरे, असे म्हणतात, आणि आज आहे ते असे दिसते, पुढचे देव जाणे, असे सांगतात. इतके सोसल्यावर आणि इतके मिळाल्यावरही उद्याविषयी त्यांनी एक शब्द दिलेला नाही, मागितलेलाही नाही. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून बाकीचे पान आपण कोरे ठेवतो. यंदा ते कोरे पान पाहताना देहूच्या त्या दुकानदाराची आठवण झाली, आणि फराळानंतर कुणी फडताळातली गाथा खाली काढून ते दोन-चार अभंग मुळातून वाचले, तर या लेखाचे काम झाले.